गूढ शब्दकोड्यात काना-मात्रा जाग्यावरनं हलवली तर चालतं का?

मंगळवारपेठी

नमस्कार मंडळी. आमच्या तालमीच्या गणपतीत रांगोळी, पाककला, संगीत खुर्ची हे असतंच, यंदा शब्दकोड्याची स्पर्धा घ्यायची ठरलंय आणि कोडं काढायचं काम माझ्याकडं आलंय. मला साधं कोडं नाही करायचं, इंग्रजी पेपरात येतं तसलं गूढ कोडं, क्रिप्टिक, ते मराठीत करायचं असं लई दिवस डोक्यात आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. साध्या कोड्यात 'पाण्यातला प्राणी (३)' असं विचारतात, कंसातला आकडा म्हणजे उत्तराची अक्षरं किती, मग मगर की सुसर की कासव ते उभ्या शब्दांवरनं ठरवायचं. गूढ कोड्यात एकाच वाक्यात उत्तर दोन वाटांनी दिलेलं असतं, वाक्याच्या एका टोकाला सरळ अर्थ आणि उरलेल्या भागात शब्दाची फोड, आणि दोन्ही मिळून वाक्य असं बेमालूम झालेलं असतं की वाचणारा भलतीकडंच जातो. हे माझं एक बघा:

'तंगडीपुढं दडपण? कोल्हापूरला आलात की विकत घ्या (४)'

तंगडी म्हणजे पाय, दडपण म्हणजे ताण, उत्तर पायताण. एकदा दिसलं की दुसऱ्या कुणाला विचारायची गरजच नाही, दोन्ही बाजूनं जुळलं म्हणजे बरोबरच. मला हे असलं लई आवडतं, अर्धा तास वाक्याकडं बघत बसायचं आणि मग अचानक तंगडीचा पाय होतो तेव्हा जे वाटतं ना, त्यासाठीच मी हे सोडवतो.

आता प्रश्न असा. इंग्रजीत बरीच कोडी अक्षरं घुसळून केलेली असतात, अ‍ॅनाग्राम. मराठीत मी हे केलंय:

'नवरा बावचळला, झाडावर चढला (३)'

उत्तर वानर. न, व, र ही तिन्ही आहेत आणि एक काना दोन्हीकडं आहे. पण 'नवरा' मध्ये काना र ला आहे आणि 'वानर' मध्ये व ला. माझा मित्र म्हणतो हे चालणार नाही, चौकोनात 'रा' लिहिला तर तो 'रा'च. माझं म्हणणं व्यंजनं तीच आहेत, काना एकच आहे, मग घुसळताना तो पण घुसळला तर काय बिघडलं. तुमचं मत सांगा, हे वाक्य टाकून द्यायला मन होत नाहीये.

आडवे_तेरा

वाक्य झकास आहे भावा पण तुझा मित्र बरोबर आहे.

मराठी शब्दकोड्यात एक चौकोन म्हणजे एक पूर्ण अक्षर, काना-मात्रा-वेलांटी-अनुस्वारासकट, जोडाक्षर पण एकाच चौकोनात. सगळं कोडं त्याच्यावर उभं आहे. आडव्या शब्दातला 'रा' उभ्या शब्दात पण 'रा'च लागतो, तिथं तू 'र' चालवून घेत नाहीस. मग घुसळताना मात्र काना सुटा धरायचा आणि चौकटीत भरताना चिकटलेला धरायचा हे दोन कायदे झाले. सोडवणारा पहिल्यांदा अक्षरं कागदावर गोल करून लिहितो, न - व - रा, आणि फिरवून बघतो. त्याला वनरा, रावन, नराव असलंच काहीतरी मिळणार आणि तो सोडून देणार. तू त्याला चकवलं नाहीस, तू त्याला अडवलंस. दोन्हीत फरक आहे.

अक्षरानं घुसळायचं असेल तर मगर आणि गरम बघ, एक काना नाही की मात्रा नाही: 'मगर उसळली, चहा असाच हवा (३)'. हे स्वच्छ आहे. पण हे सोपं पण होतं आणि त्याचं कारण गणितात आहे. तीन अक्षरं ६ प्रकारे मांडता येतात, चार २४. इंग्रजीत नऊ अक्षरी शब्द आला की ३,६२,८८० मांडण्या. आपला नेहमीचा शब्द तीन-चार अक्षरांचा, त्यामुळं घुसळण ही मराठीची ताकदच नाही. इंग्रजी कोड्याचा साचा उचलून तसाच मराठीवर बसवायला गेलं की हे असं होतं.

त्यापेक्षा आपल्याकडं जे आहे आणि इंग्रजीकडं नाही ते वापर की. काना, मात्रा, वेलांटी, बिंदू या सगळ्यांना आपल्याकडं नावं आहेत आणि त्या नावांना दुसरे अर्थ पण आहेत, यापेक्षा कोडं करणाऱ्याला अजून काय पाहिजे! मात्रा म्हणजे औषधाची पण मात्रा. हे बघ:

'शंभराला मात्रा लागू पडली, ऊस जोमात आला तिथं (२)'

शत, त्याला मात्रा, शेत. आणि आपल्या बिंदू चौकाच्या नावानं हे घे:

'मस्तीवर बिंदू, पंचमीला उडणार (२)'

रग वर अनुस्वार, रंग. 'रग' हा शब्द आपल्याकडं रोज वापरात आहे त्यामुळं इथल्या माणसाला पटकन दिसेल.

शब्दवेडी_इचलकरंजी

शेत लई भारी! मी ते 'लागू पडली' वर अडकून बसले, शंभर नंबरचं कुठलं औषध असतं का बघत होते 😄

मी पण एक देते, आमच्या गावाचंच आहे:

'यंत्रमागाच्या शहराचं मागचं अर्धं दिवाळीला तळतात (३)'

सांगू नका लगेच, बाकीच्यांना करू दे.

पन्हाळ्याचा_मास्तर

धाग्याचं शीर्षक बघून आत आलो आणि बरं वाटलं. मी शाळेत मराठी शिकवलं आहे, त्यामुळे थोडं लांबलं तर सांभाळून घ्या.

तुम्ही ज्याला क्रिप्टिक म्हणताय त्यातली शब्द फोडण्याची युक्ती आपण सगळ्यांनी शाळेत घोकलेली आहे, फक्त ती अलंकाराच्या धड्यात होती आणि पाच मार्कांसाठी होती म्हणून तिची गोडी कळली नाही. सभंग श्लेष. दमयंती विरहानं आजारी आहे, शुद्धीवर येऊन म्हणते 'औषध नलगे मजला'. आई ऐकते 'न लगे', म्हणजे पोरीला औषध नको. पोर म्हणतेय 'नल गे', म्हणजे बाई गं, नल हेच माझं औषध. अक्षरं तीच, क्रम तोच, फक्त तोडायची जागा वेगळी. किंवा रुक्मिणीचं ते, श्रीकृष्ण नवरा मी नवरी, शिशुपाल नवरा मी न वरी. 'नवरी'च्या मधोमध एक फट पाडली आणि होकाराचा नकार झाला! मंगळवारपेठी, तुमचं पायताण याच जातीचं आहे. आणि लक्षात घ्या, यात एकही काना जागचा हलत नाही. मराठी कान अक्षरं फिरवत नाही, तो शब्द कुठं तुटतो ते ऐकतो. म्हणून माझं मत आडवे_तेरा यांच्या बाजूनं.

आणि हे सगळं आपल्याच मातीतलं आहे हो. मोरोपंतांचा जन्म १७२९ साली आमच्या पन्हाळ्यावर झाला. त्यांनी एकशे आठ रामायणं लिहिली असं म्हणतात, त्यातल्या कितीतरींत असा एकेक नेम स्वतःवर घालून घेतलेला. एक निरोष्ठ रामायण आहे, निरोष्ठ म्हणजे ओठ न लावता म्हणायचं, प फ ब भ म यातलं एकही अक्षर घ्यायचं नाही. आता विचार करा, 'राम' या शब्दातच म आहे! म्हणजे रामायण लिहायचं आणि राम हे नावच घ्यायचं नाही. राघव म्हणा, दाशरथी म्हणा, सीतानाथ म्हणा. मी मुलांना वर्गात हे सांगायचो आणि मग दोन मिनिटं ओठ न मिटता बोलायला लावायचो, सबंध तासात जेवढं हसू आलं नसेल तेवढं त्या दोन मिनिटांत. भाषेला आवळून धरलं की ती नवीन वाटा काढते हे पोरांना न शिकवता कळायचं. तुमचे चौकोन हा असाच एक नेम आहे, तो सैल करू नका.

मंगळवारपेठी

सर, मी हायस्कूलला 'औषध नलगे' पाठ केलं होतं पण हे असं कुणी सांगितलंच नव्हतं, आज तुमच्यामुळं कळलं. लई आभार.

बरं आता हे दोन बघा, दोन्हीत 'आळा' आहे:

'भिकाऱ्याला बसला पायबंद, कोल्हापूरकर संध्याकाळी तिथंच (३)' रंक + आळा, रंकाळा.

'कैरीचं पेय आवरलं की किल्ला (३)' पन्हं + आळा, पन्हाळा.

चालतील का?

आडवे_तेरा

पहिलं एकदम चालतं, दुसरं नाही.

रंक + आळा मध्ये शेवटचा अ आणि पुढचा आ मिळून आ झाला. देव + आलय = देवालय, तसंच. व्याकरणानंच परवानगी दिलीय, तुझ्या पदरचं काहीच नाही. शिवाय आळा बसतो, पायबंद बसतो, वाक्य पण नैसर्गिक आहे. हे पहिल्या पानावर घाल.

पन्हाळ्यात तू 'पन्हं' घेतलंस, त्याचा अनुस्वार कुठं गेला? लिहायचा शब्द 'पन्हे' घेतला तर मात्रा कुठं गेली? पन्हे आणि आळा यांची संधी केलीस तर 'पन्हयाळा' होईल, असला किल्ला मी तरी पाहिला नाही. एखादं चिन्ह गळलं तर ते गळलं म्हणून वाक्यात सांगावं लागतं. 'टिंब सांडलं' एवढं कुठंतरी बसव, मग मी गप्प.

शाहूपुरीचा_वाचक

इथं जो वाद चाललाय तोच इंग्रजीत झालेला आहे आणि तो कसा मिटला ते सांगावं असं वाटलं.

शब्दकोडं हा प्रकारच तसा जुना नाही. पहिलं कोडं आर्थर विन या माणसानं २१ डिसेंबर १९१३ ला न्यूयॉर्क वर्ल्ड पेपरच्या रविवार पुरवणीत दिलं, शंकरपाळ्याच्या आकाराचं होतं. ते साधं अर्थाचं कोडं. गूढ प्रकार नंतर इंग्लंडात वाढला. १९२६ पासून ऑब्झर्व्हर मध्ये टॉर्केमाडा या टोपणनावानं एडवर्ड पॉइस मॅथर्स कोडी द्यायला लागला आणि ती भयंकर अवघड असायची, बऱ्याचदा वाक्याचा आणि उत्तराचा संबंध त्याच्याच डोक्यात. टॉर्केमाडा हा स्पेनमधला धर्मद्रोह्यांची चौकशी करून छळणारा अधिकारी, म्हणजे नावातच सगळं आलं. १९३९ मध्ये त्याच्या जागी डेरिक मॅकनट आला, त्यानं पण तसल्याच एका चौकशी अधिकाऱ्याचं नाव घेतलं, झिमेनेस. १९७२ पासून त्या जागी आलेल्याचं नाव एझेड, आणि ते पण असंच, डेझा नावाच्या तिसऱ्या चौकशी अधिकाऱ्याचं स्पेलिंग उलटं. वर ए ते झेड ही सगळी वर्णमाला पण त्याच नावात आली. एका टोपणनावात दोन-दोन गोष्टी, मला हे फार आवडतं.

पण कामाची गोष्ट झिमेनेसची. त्यानं शिस्त आणली. १९६६ साली त्याचं या कलेवर पुस्तक आलं, त्यातला मुख्य नियम असा की वाक्यात नेमका अर्थ असावा, न्याय्य फोड असावी आणि या दोन्हीशिवाय तिसरं काहीही नसावं. त्याच्याही आधी, १९४९ मध्ये, आफ्रित नावानं लिहिणाऱ्यानं म्हटलं होतं की कोडं करणाऱ्याच्या मनातला अर्थ वरवरच्या अर्थापेक्षा वेगळा असला तरी हरकत नाही, पण मनात आहे ते त्यानं शब्दांत मांडलेलं असलंच पाहिजे. ही कसोटी अक्षराला पण लागते, कान्याला पण लागते. इंग्रजीत सगळेच हा नियम कडक पाळतात असं नाही, ढील देणारे पण मोठे लोक आहेत, पण ढील कधी द्यायची हे नियम पाळून झाल्यावर कळतं.

तेव्हा मंगळवारपेठी, काना हलवायला बंदी नाही. हलवला आहे हे सांगा की झालं.

इचलकरंजीच्या ताई, करंजी का? सहा अक्षरं, मागची तीन. तुमच्यात 'मागचं' या शब्दातही माग आहे, हे मुद्दाम केलंय की आपोआप झालं?

शब्दवेडी_इचलकरंजी

करंजीच! आणि 'मागचं' मुद्दाम केलंय, कुणाला तरी दिसलं म्हणून लई बरं वाटलं. आमच्या घरी आधी सगळे मागावरच काम करायचे, तो शब्द माझ्या कानातनं जात नाही.

एक सांगू का, नियम वगैरे ठीक आहे पण गणपतीत कोडं सोडवायला येणार कोण, शाळेतली पोरं, त्यांच्या आया, आज्या. त्यांना पहिल्याच वाक्याला घाम फुटला तर कागद तिथंच ठेवून प्रसाद घेऊन जातील. माझी आजी उमाणी, म्हणजे तोंडी कोडी, घालायची, काळी गाय काटं खाय, पाण्याला बघून उभी राहाय, सांगा काय. पायताण! म्हणजे तुमचं उत्तर तेच, पण उमाण्यात नुसतं वर्णन लपवलेलं असतं आणि एकदा ऐकलं की संपलं. गूढ कोड्यात वर्णन पण आणि फोड पण, हे त्यांना एकदा दाखवावं लागेल. आजीचं उमाणं आणि तुमची तंगडी कागदावर शेजारी शेजारी छापा, वर एक ओळ लिहा, लोक बरोबर धरतील.

आणि सुरुवातीला दोन अर्थाचे शब्द द्या, ते कुणालाही येतात. 'एकत्र कर, की नाश्ता तयार (३)' म्हणजे मिसळ. 'कारस्थान, पण मिसळीवर हवंच (२)' म्हणजे कट. 'चर्चा संपेना, गूळ निघेना (३)'... हे जरा नीट करायला पाहिजे कारण गुऱ्हाळात गूळ निघतोच.

आडवे_तेरा

ताई, 'चर्चा संपतच नाही तिथं गूळ निघतो (३)' असं करा, खोटं काहीच राहत नाही. चर्चेचं गुऱ्हाळ आणि उसाचं गुऱ्हाळ, दोन्ही आलं.

सोप्यापासून सुरुवात करायची हे मान्य. चौकट पण लहान ठेवायला लागेल, इंग्रजीतली १५ बाय १५ ची आपल्याला मोठी होते, आपले शब्द आखूड आणि उभ्या-आडव्याला अख्खं अक्षर जुळवायचं, त्यात 'ल्हा' नाहीतर 'ऱ्हा' असलं अक्षर आलं की त्याच्यावरनं दुसरा शब्द सापडता सापडत नाही. असली अक्षरं जिथं दोन शब्द एकमेकांना कापत नाहीत त्या चौकोनात टाकायची. ९ बाय ९ भरपूर झाली.

मंगळवारपेठी

९ बाय ९ च करतो. आणि शाहूपुरीचे दादा, तुमच्यावरनं रात्री नवऱ्याला परत हात घातला:

'नवरा बावचळला, काना पुढं आला, झाडावर चढला (३)'

आता घुसळण सांगितलीय, काना शेवटच्या अक्षरावरनं पहिल्यावर आला ते पण सांगितलंय. कायद्यात बसतंय का?

पन्हाळ्याचा_मास्तर

बसतंय! आणि वाक्य आधीपेक्षा खुललं. 'काना पुढं आला' ऐकताना कान पुढं काढलेलं माकड डोळ्यांपुढं येतं, हे पहिल्या वाक्यात नव्हतं. नियमानं अडवलं म्हणून ते सापडलं.

आडवे_तेरा

मान्य, पूर्ण मान्य. सोडवणारा न, व, र सुटे करून काना बाजूला काढणारच, कारण वाक्यानं त्याला तसं सांगितलंय. घाल बिनधास्त.

शब्दवेडी_इचलकरंजी

मी पण बसले काल. 'पेच उलटला, आता पावात घाला (२)'. तालमीच्या गणपतीला कुस्तीचं एक तरी पाहिजेच ना.

शाहूपुरीचा_वाचक

डाव उलटा, वडा. छान आहे, कुस्ती एका शब्दात आली आणि ती पण लपून. असंच दुसरं, 'हाच परत केला, कपात आला (२)', चहा.

फक्त मंगळवारपेठी, चौकटीत बसवताना एक बघा. हा शब्द आडवा असेल तर 'परत', 'मागं फिरला' हे चालतं, पण उभ्यात टाकलात तर उलटं वाचताना अक्षरं खालून वर वाचायची असतात, तिथं 'मागं फिरला' चुकीचं होईल, 'वर चढला' किंवा 'डोक्यावर उभा राहिला' असं म्हणावं लागेल. 'उलटला' दोन्हीकडं चालतं, त्यामुळं ताईंचा वडा कुठंही बसवा, चहा मात्र आडवाच ठेवा.